मोजायचं ते कढईत पडताना

न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दहा स्थूल व्यक्तींचा एक अभ्यास छापला. दहाही जणांची तक्रार एकच होती: दिवसाला १२०० कॅलरींच्या आत खातो, तरी काटा हलत नाही. संशोधकांनी त्यांच्या शब्दावर विसंबून न राहता शरीराचा खर्च थेट मोजला. त्यासाठी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायला देतात आणि ते अणू किती वेगाने शरीराबाहेर पडतात यावरून किती ऊर्जा जळली ते काढतात. दहाही जणांच्या शरीराचा ऊर्जाखर्च नेहमीसारखाच निघाला. चूक निघाली ती हिशेबात. प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणं त्यांनी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के वाढवून. म्हणजे जेवढं सांगितलं त्याच्या जवळजवळ दुप्पट पोटात जात होतं. ही माणसं लबाड होती असं मानायचं काही कारण नाही. आठवणीतून खाण्याचा हिशेब मांडला की तो बहुतेकांचा असाच कमी भरतो, आणि हे कळेपर्यंत पाच-सहा डाएट करून झालेले असतात.

आपल्याकडे ही चूक नेमकी कुठे होत असेल? भाकऱ्या, पोळ्या माणसाला आठवतात, त्या सुट्या असतात. आठवत नाही ते कढईत, पातेल्यात, परातीत मिसळून गेलेलं: फोडणीचं तेल, घडीच्या पोळीच्या पदरांतलं तेल, भाजीत मूठभर पडलेलं दाण्याचं कूट, चहातली साखर. पोहे खाण्याचा चमचा भरून तेल म्हणजे १३-१४ ग्रॅम, सुमारे १२० कॅलरी. एका मध्यम पोळीच्या पिठात याहून कमी असतात. दाण्याच्या कुटात १०० ग्रॅममागे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी भरतात, पण खाल्लेलं सांगताना कोणीही ‘काकडीची कोशिंबीर’ एवढंच म्हणणार. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून तीनदा घेतला, तर दूध सोडून शंभर-सव्वाशे कॅलरी झाल्या. २०२४ मध्ये आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जो २००० कॅलरींचा आदर्श आहार मांडला, त्यात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलं आहे. त्याच वर्षी नीती आयोगाच्या अहवालाने खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो दिला, म्हणजे दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम. यात हॉटेलं, हलवाई, फरसाणवाले सगळे आले हे खरं. तरीही दुप्पट म्हणजे दुप्पटच, आणि हे तेल ताटात वेगळं दिसत नाही.

म्हणून नोंद ठेवायची तर ती पदार्थ पातेल्यात पडत असतानाच ठेवावी, ताट वाढून झाल्यावर नव्हे, असं माझं म्हणणं आहे. मोबाइलवरची आहारनोंदीची अॅप्स या बाबतीत आपल्याला चकवतात. त्यांचा साचा पाकिटबंद पदार्थांना सोयीचा आहे: पाकिटावर छापलेला आकडा, एक माणूस, एक वाढप. त्यात ‘एक वाटी मटकीची उसळ’ शोधली की भलतेसलते चार आकडे समोर येतात. ज्या घरात एका पातेल्यातून चौघं-पाचजण जेवतात, तिथे दुसरी वाट जास्त सोपी आहे. स्वयंपाकघरात एक साधा डिजिटल वजनकाटा ठेवावा. तेलाची बुधली फोडणीआधी त्यावर ठेवावी आणि स्वयंपाक संपल्यावर पुन्हा ठेवावी. जो फरक येईल तेवढं तेल घराने खाल्लं. पोळ्यांचंही तेच. ३०० ग्रॅम पिठाच्या दहा पोळ्या झाल्या तर पोळीमागे ३० ग्रॅम पीठ, साधारण १०० कॅलरी; तेल-तूप त्यावर. तांदूळ कच्चाच मोजावा, कारण शिजल्यावर तो जवळपास तिप्पट वजनाचा होतो: १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या भातात १३०च्या आसपास. कित्येकांच्या वह्या इथेच फसतात, आकडा भाताचा आणि वजन तांदळाचं, किंवा उलट. एवढाही कंटाळा असेल तर महिन्याचं वाणसामान पाहावं. चार प्रौढ माणसांच्या घरात माणशी २७ ग्रॅमने महिन्याला सव्वातीन किलोच्या आत तेल-तूप लागायला हवं, म्हणजे एक लिटरच्या साधारण साडेतीन पिशव्या, आणि त्यातच तूप-लोणी आलं. सहा पिशव्या येत असतील तर ताटात काय शोधायचं?

या पद्धतीचा आणखी एक फायदा पुस्तकी नाही, घरगुती आहे. दुसऱ्याच्या पोळ्या मोजणं आपल्याकडे असभ्य समजतात, आणि ते बरोबरच आहे. ताटाची नोंद सुरू झाली की घरातल्या एकाच माणसाचं ताट सगळ्यांच्या नजरेत येतं. बहुधा सुनेचं किंवा वाढत्या वयाच्या मुलीचं. शिवाय करणारी, वाढणारी, शेवटी बसणारी आणि उरलेलं ‘वाया कशाला’ म्हणून संपवणारी बाई एकच असेल, तर तिच्या ताटाची नोंद तिने कधी आणि कशी करायची? कढईतलं माप सगळ्यांचं असतं, कोणाचा घास त्यात मोजला जात नाही. मात्र ते घेण्याचं काम पुन्हा तिच्याच माथी मारायचं नाही. बुधली काट्यावर ठेवायला स्वयंपाक यावा लागत नाही.

नोंदीने खरंच काही होतं का, यावर बरा पुरावा आहे. अमेरिकेत २००८ साली सुमारे १,७०० लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं होतं. इथे चिकित्सक वाचक लगेच म्हणेल, ज्यांना शिस्त आहे तेच नोंद ठेवतात आणि तेच कमी खातात. नोंदीचं श्रेय काय? आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे, कारण रोज लिहायचं की नाही हे त्या लोकांनी स्वतःच ठरवलं होतं. म्हणून व्हरमाँट विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. त्यात नोंदीला लागणारा वेळ पहिल्या महिन्यात दिवसाला २३ मिनिटं होता, तो सहाव्या महिन्यात १५ मिनिटांच्या आत आला. किती मिनिटं घालवली याचा वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. दिवसातून किती वेळा नोंद केली याचा दिसला. बारीकसारीक तपशिलापेक्षा वारंवारता उपयोगी पडली. त्याच्या तुलनेत लहान ताटलीत जेवा वगैरे युक्त्यांचं काय झालं पाहा. त्या घरोघरी पोचवणारे कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वॅन्सिंक यांचे सहा शोधनिबंध ‘जामा’ समूहाच्या नियतकालिकांनी २०१८ मध्ये एकाच दिवशी मागे घेतले. ताटली मात्र अजून सल्ल्यांमध्ये फिरते आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांच्या खरेपणाचा. कॅलरीचे तक्ते ज्या सूत्रावर उभे आहेत (प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४, स्निग्ध पदार्थ ९), ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर अॅटवॉटर यांनी अमेरिकेत बसवलं. ते सरासरीचं सूत्र आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अख्ख्या बदामांच्या कॅलरी माणसांत मोजल्या, तेव्हा २८ ग्रॅमला १७० ऐवजी १२९ निघाल्या, कारण नीट न चावलेल्या दाण्यातली चरबी न पचता निघून जाते. मग चुकीच्या आकड्यांची वही ठेवून उपयोग काय? उपयोग असा, की चूक रोज एकाच बाजूची आणि साधारण सारखी असेल तर बदल ओळखता येतो. कायम दीड किलो जास्त दाखवणारा काटासुद्धा वजन वाढलं की घटलं हे बरोबर सांगतो. वहीतला १८०० हा आकडा खरा नसेना. वहीत १८०० लिहून महिनाभर वजन जागचं हललं नाही, तर आपल्या वहीतले १८०० म्हणजे आपल्या शरीराचा रोजचा खर्च, एवढं कळलं. पुढचा फेरफार तिथून करायचा.

अर्थात यासाठी वजन वाचता यायला हवं, आणि तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. मिठाचं जेवण, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठ, काल रात्रीचा भात यांनी काटा दोन दिवसांत किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. शरीर कर्बोदकं ज्या रूपात साठवतं त्या ग्लायकोजनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. भात-पोळी सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘उतरणारं’ वजन बरंचसं हेच पाणी असतं, आणि लग्नाच्या पंगतीनंतर ‘वाढलेलं’ही. ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक जॉन वॉकर यांनी १९९१ मध्ये यावर अभियंत्याला शोभेल असा उपाय लिहून ठेवला: रोजच्या आकड्याकडे लक्ष द्यायचं नाही, सरकती सरासरी पाहायची. घरी याची सोपी रीत अशी. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याआधी वजन करायचं, कॅलेंडरवर लिहायचं आणि रविवारी सात आकड्यांची सरासरी काढायची. तुलना फक्त रविवारची रविवारशी. चार रविवार झाल्याशिवाय मत बनवू नये.

अपेक्षा किती ठेवायची, यावरही एक जुना गैरसमज आहे. १९५८ साली मॅक्स विश्नॉफस्की यांनी मांडलेला ३५०० कॅलरींना एक पौंड हा हिशेब लोक सरळ गुणत जातात: रोज १०० कॅलरी कमी, तर वर्षाला जवळपास पाच किलो, दहा वर्षांत पन्नास! शरीर लहान होतं तसा त्याचा खर्चही घटतो, हे त्यात धरलेलंच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दिलेला सुधारित अंदाज असा, की रोजच्या आहारात साधारण २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला तर शेवटी एक किलोचा फरक पडतो, त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि बाकीचा पुढच्या दोन-तीन वर्षांत. या हिशेबाने माणशी रोजचं एक पोहेचमचा तेल कायमचं कमी झालं तर अखेर पाच किलो, पहिल्या वर्षी अडीच. जाहिरातीत हे खपणार नाही. पण कोणाच्याही ताटातली पोळी कमी न करता हे होतं, ही गोष्ट लहान नाही.

कॅलरी म्हणजेच सगळं नाही, हा तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. याच हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखानी प्रक्रियेचे पदार्थ आणि दोन आठवडे साधे पदार्थ हवे तेवढे खायला दिले. समोर मांडलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, चोथा सारखाच होता. कारखानी जेवणावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले. म्हणजे काय खातो यावर किती खाल्लं जातं हे ठरतं. पण ‘किती’ कळण्यासाठी तिथेही मोजावंच लागलं. आणि वजन हेही पूर्ण चित्र नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणं छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांनाही मधुमेह का गाठतो याचा एक धागा इथे आहे. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही हवी: कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर वजन ‘बरोबर’ असण्यात समाधान मानू नये.

मोजण्याचा नाद लागतो, ही भीतीही पोकळ नाही. खाण्याच्या मानसिक विकारांवर उपचार घेणाऱ्यांच्या एका अमेरिकी पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी कॅलरी मोजणारं अॅप वापरलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मते त्याने विकाराला हातभार लावला. ज्यांना असा त्रास आहे किंवा पूर्वी होता, त्यांनी या वाटेला जाऊच नये. वाढत्या वयाची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्या हातीही वही देऊ नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. बाकीच्यांनीही जन्मभर मोजत बसावं असं नाही. पाच-सहा आठवडे बुधली काट्यावर चढली की हाताला माप कळतं. मग वर्षातून दोन-तीनदा ते पुन्हा तपासलं की पुरे.

त्यातली एक तपासणी दिवाळीत व्हावी. अमेरिकेत २००० साली छापलेल्या एका अभ्यासात १९५ प्रौढांची वजनं घेतली होती. थँक्सगिव्हिंग ते नवं वर्ष या सणासुदीत ती सरासरी फक्त ०.३७ किलोने वाढली, लोकांना वाटत होतं त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढीच. पण ती वाढ पुढे उतरली नाही, आणि वर्षभराच्या वाढीत मोठा वाटा तिचाच होता. आपल्या फराळावर असं मोजमाप घरच्या घरी होऊ शकतं. चकलीचं तळण सुरू करण्याआधी कढईत ओतायचं तेल मोजायचं. तळून झाल्यावर ते पूर्ण गार होऊ द्यायचं, गाळायचं, पुन्हा मोजायचं. जे कमी भरेल ते थोडं झाऱ्याला आणि कागदाला लागलेलं, बाकीचं डब्यात गेलेलं. त्याला चकल्यांच्या संख्येने भागलं की एका चकलीतलं तेल कळतं. भाजणी फार सैल भिजली किंवा तेल पुरेसं तापलेलं नव्हतं तर हा आकडा वाढतो, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या घाण्याचा हिशेब वेगळा ठेवलेला बरा.