वेशीबाहेरचे गाणे बाहेर का गेले नाही?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तिच्या आजोबांची वही मला वाचायला आणून दिली. जाड पुठ्ठ्याची वही, मागच्या बाजूने वाळवी लागलेली. पुढच्या पानांवर गाणी आणि मागच्या पानांवर हिशेब. आजोबा जळकोट भागातील एका गायन पार्टीचे मुख्य गायक होते. पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी आणि कोरसला तिघे, एवढाच त्यांचा संच. हिशेबाच्या पानांवर गावांची नावे आहेत : उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार, सीमेपलीकडचे औराद आणि बीदर. एकदा हैदराबाद. एकदा मुंबई. त्यापुढे कोणतेही नाव नाही.

"आजोबा एवढे चांगले गायचे असे सगळेच म्हणतात. मग ते बाहेर का गेले नाहीत, सर?" असे तिने विचारले. मी त्या दिवशी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. गुणी माणूस मागे राहिला की 'नशीब' म्हणून विषय मिटवण्याची आपल्याकडे रीत आहे. आंबेडकरी विचार मानणाऱ्या माणसाला ही रीत परवडणारी नाही. जे नशीब म्हणून सांगितले जाते त्याची कारणे शोधायची, हे तर आपण बाबासाहेबांकडूनच शिकलो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर कारणांनिशी देण्याचा प्रयत्न मी येथे करीत आहे.

प्रथम 'बाहेर' म्हणजे काय, ते ठरवले पाहिजे. नागर कलावंताचे बाहेर म्हणजे दिल्ली, लंडन, न्यूयॉर्क. आमची वस्तीच मुळात वेशीबाहेर. तेथे गाणाऱ्यांच्या दृष्टीने बाहेर जाण्याची पहिली पायरी म्हणजे गावात जाणे, चावडीपुढच्या मैदानात गाणे. अनेक पार्ट्यांना ही पहिली पायरीच चढता आली नाही. लग्नात, जत्रेत हलगी वाजवायला गावाने बोलावले, ते वतनाचे काम म्हणून. तीच माणसे स्वतःचे गाणे घेऊन उभी राहिली तेव्हा मात्र गावाला कान उरले नाहीत. वाजवणारा हात चालत होता, बोलणारे तोंड चालत नव्हते. पुढच्या सगळ्या अडचणींची सुरुवात येथे आहे.

या गायन पार्ट्या आकाशातून पडलेल्या नाहीत. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. १९३० नंतरच्या काळात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण देवाचे गण आणि गौळण बाजूला सारून त्या जागी प्रबोधन आणले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर जलशातील सोंगे आणि वग मागे पडत गेले व गाणे पुढे आले. गायन पार्टी हे त्या गाण्याचे रूप. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे त्यातील सर्वांत मोठे नाव. मोठेपणी मुंबईत अक्षर ओळखायला शिकलेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव फिरून गायिली. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. दखनी बोली आणि कव्वाली लोकांच्या कानात होतीच. त्यामुळे कव्वालीच्या ढंगाने दोन पार्ट्यांचा सवाल-जवाब, म्हणजे 'दुरंगी सामना', येथे चटकन रुजला. रात्रभर चालणाऱ्या सामन्यात समोरच्या पार्टीला ऐन वेळी पदात उत्तर रचून देणे ही लहान विद्या नव्हे. गुणवत्ता नव्हती असे म्हणण्याची सोयच नाही.

मग अडले कोठे? मला पाच ठिकाणे दिसतात.

पहिले ठिकाण पोटाचे. आमच्या डोंगराळ तालुक्यांतून दिवाळीच्या आसपास माणसे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. गाण्याचा हंगाम एप्रिलमध्ये जयंतीने सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमा, लग्नसराई करीत मृगाच्या तोंडाशी संपतो. म्हणजे ढोलकीवाला फडावर कोयता चालवतो आणि घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत हात पुन्हा वळवून घेतो. वर्षातले कितीतरी महिने ज्याला वाद्याला हात लावता येत नाही, त्याची तुलना रोज रियाज करणाऱ्याशी करायची आणि 'सफाई कमी पडते' म्हणायचे, हा न्याय नव्हे.

दुसरे ठिकाण ध्वनिमुद्रणाचे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. आमचे गाणे शेर म्हणून उभे राहते, मध्ये थांबून प्रसंग सांगते, समोरच्याला प्रश्न विचारते आणि मग अंतरा घेते. ते तीन मिनिटांत बसवायचे तर त्याचे हातपाय तोडावे लागतात. शिवाय कंपन्या मुंबईत. १९८० नंतर कॅसेट आली तेव्हा हा दरवाजा थोडा उघडला. कॅसेट काढणे स्वस्त झाले आणि वस्त्यावस्त्यांत टेपरेकॉर्डर वाजू लागला. मूळ मंगळवेढ्याकडचे प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्यानंतर त्यांची मुले घराघरांत पोचली. पण मागे राहिलेल्या बहुसंख्यांशी व्यवहार एकरकमी होता. वहीतील मुंबईची नोंद अशीच आहे. आठ गाणी, एकदाच दिलेले पैसे आणि जाण्यायेण्याचे भाडे. त्यातून काय उरले ते आजोबांनी वजाबाकी करून लिहिले आहे. कॅसेट निघाली तेव्हा वेष्टनावर कवीचे नाव नव्हते. १९५७ चा कॉपीराइट कायदा तेव्हाही होता. गीतकार आणि संगीतकारांचा मानधनातील वाटा कोणालाही लिहून घेता येऊ नये अशी तरतूद मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आली. तोवर कॅसेटचा काळच संपला होता.

तिसरे ठिकाण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादा 'वामन' ही मुद्रा घालीत. ही संतांच्या अभंगांपासून चालत आलेली रीत. लिहिता न येणाऱ्या समाजात तीच कवीची सही आणि तोच त्याचा मालकी हक्क. गाणे लांबले की काटछाट शेवटून होते. म्हणजे नेमके सहीचे कडवे जाते. अशा रीतीने कितीतरी गाणी बिनबापाची झाली. पुढे जयंतीच्या मिरवणुकीत डीजे आला, तेव्हा कडवीही गेली आणि नुसता ठेका उरला.

चौथे ठिकाण आपल्या स्वतःच्या दोषाचे आहे. तेही बोलले पाहिजे. पुष्कळ पार्ट्यांनी गाजलेल्या सिनेमाच्या चालींवर शब्द बसवले. वस्तीत याचा फायदा होता. चाल आधीच तोंडात असल्याने एका रात्रीत गाणे लोकांचे होई. पण वस्तीच्या बाहेर हाच फायदा तोटा ठरला. परक्या श्रोत्याला शब्द कळत नाहीत. त्याला ऐकू येते ती चाल, आणि ती तर त्याने मूळ गायकाच्या आवाजात ऐकलेली असते. आयर्लंडमध्ये १९५० ते १९७० च्या दशकांत गावोगावच्या नाचघरांतून 'शोबँड' नावाचे शेकडो वाद्यवृंद गाजत होते. वादक तयारीचे होते आणि नाचघरे भरलेली असत. पण ते मुख्यतः अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील गाजलेली गाणी वाजवत. देशाबाहेर त्यांतील फारच थोड्यांना स्थान मिळाले. अस्सल माल जेथे तयार होतो तेथे त्याची नक्कल कोण विकत घेणार? फरक एवढाच की त्यांचे शब्द आणि चाल दोन्ही उसनी होती. आमची फक्त चाल उसनी होती. शब्द आमच्या रक्ताचे होते, पण बाहेरच्यापर्यंत पोचत होती ती नेमकी उसनी वस्तू.

पाचवे ठिकाण शिक्क्याचे. 'जयंतीचा गायक' असा शिक्का एकदा बसला की त्या माणसाने निसर्गावर गावे, प्रेमावर गावे, कोणी ऐकत नाही. ब्राह्मण गायकाने अभंग गायिला तर तो 'भक्तिसंगीताचा' गायक होतो, कोणी त्याला एका जातीचा गायक म्हणत नाही. आमच्या माणसाने माणुसकीवर गायिले तरी ते 'त्यांचे' गाणे ठरते.

भाषेची अडचण होती, असे काही विद्वान म्हणतात. मला हे पुरेसे वाटत नाही. अमेरिकेत १९२० साली मेमी स्मिथ या काळ्या गायिकेची तबकडी भरपूर खपली, तेव्हा गोऱ्या कंपन्यांना शोध लागला की काळी माणसेही पैसे देऊन गाणी विकत घेतात. त्यानंतर त्यांनी काळ्यांसाठी वेगळ्या तबकड्यांची मालिकाच काढली. त्या व्यवहारातही कलावंत लुबाडले गेले. पण ध्वनिमुद्रण झाले, आणि म्हणून ते गाणे पुढे जगभर जाऊ शकले. मुख्य अडचण भाषेची नसून वाहनाची असते. गाणे पायी चालत देशाबाहेर जात नाही. त्याला नेणारे कोणीतरी लागते.

आपल्यातील जे बाहेर गेले त्यांच्याकडे पाहिले की हे स्पष्ट होते. अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले आणि १९६१ साली ते रशियाला गेले. त्यांच्यामागे कम्युनिस्ट चळवळीचे जाळे होते. विठ्ठल उमप १९८३ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील लोककला महोत्सवात गेले. मुंबईत राहून आकाशवाणी आणि रंगभूमीशी जोडलेले नाते त्यांना उपयोगी पडले. विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५ च्या माहितीपटातून दूरवर गेला. आवाज गेला, घोगरे मात्र मुलुंडच्या झोपडपट्टीतच राहिले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी स्वतःला संपवले. त्यांची कहाणी 'जय भीम कॉम्रेड' (२०११) मधून जगाने पाहिली. 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याचा नायक एक लोकशाहीर आहे आणि त्यातील गाणी संभाजी भगत यांची आहेत. शाहिराची गोष्ट व्हेनिसपर्यंत गेली. खेड्यापाड्यांतील शेकडो शाहिरांना मात्र जिल्ह्याची हद्द ओलांडता आली नाही. पक्ष, संस्था, कॅमेरा, यांपैकी एकही वाहन त्यांच्या दारात थांबले नाही.

येथे कोणी म्हणेल, 'आमच्या गायकांना बाहेर जायचेच नव्हते. त्यांना आपला समाज जागा करायचा होता आणि तो त्यांनी केला.' हे खरे आहे. वहीत नामांतराची गाणी आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळू लागल्या. त्या दिवसांत ही पार्टी कंधार-मुखेडकडील गावांतून रात्री चालत जाऊन गात होती. त्या पानांवर बिदागीचा आकडा नाही, फक्त गावांची नावे आहेत. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत ही गाणी चालू होती. यापेक्षा मोठे यश कोणते?

तरीही या उत्तरावर मी थांबू शकत नाही. समाजासाठी गायिले म्हणून कलावंताने उपाशी राहावे, हा नियम आपण दुसऱ्या कोणाला लावत नाही. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. तिच्या अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात : कार्यक्रमपत्रिका, कात्रणे, प्रमाणपत्रे. रात्री चालत जाऊन गाणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार होते? त्या मुलीच्या आजोबांचा अर्ज पुराव्याअभावी परत आला. ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर वहीशिवाय काही नव्हते.

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढे मी काही साधी कामे ठेवतो. आपल्या तालुक्यात हयात असलेल्या गायकांची यादी करा. त्यांचे गाणे मोबाइलवर मुद्रित करा, पण शेवटच्या कडव्यासह, आणि कवीचे नाव, गाव, साल सांगून. वह्यांची छायाचित्रे घ्या, हिशेबाच्या पानांचीही, कारण आपला इतिहास तेथेही आहे. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातील काही भाग गायकासाठी ठेवावा आणि दिलेल्या पैशाची पावती व कार्यक्रमाचे पत्र त्याच्या हाती द्यावे. उद्या तोच त्याचा पुरावा होईल. नांदेडच्या व छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) विद्यापीठांत संशोधन करणाऱ्यांनी एकेका तालुक्यातील गायन पार्ट्या हा विषय घ्यावा.

ती वही मी पानापानाने उतरवून काढतो आहे. वाळवीने खाल्लेल्या ठिकाणी शब्द अडतात तेव्हा ती विद्यार्थिनी घरी जाऊन आजीला विचारून येते. आजीला लिहिता-वाचता येत नाही. पण शेवटची कडवी तिला सगळी पाठ आहेत.