सर्वनाम कोणाचे?

वसंताचे वडील कामानिमित्त परगावी गेले होते. घरी आजोबा आणि आत्याबाई दोघेही आजारी होते. वसंताने वडिलांना पत्र लिहिले : "काल आजोबांनी आत्याबाईंना सांगितले, की त्यांचे औषध संपले आहे. येताना ते अवश्य आणावे."

पत्र वाचून वडील विचारात पडले. दोघांची औषधे निराळी. मग कोणाचे आणावयाचे? पत्रातील अक्षर सुवाच्य होते, शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती, तरीही पत्राचे काम झाले नाही. हा सारा घोटाळा 'त्यांचे' या एका शब्दाने केला.

नामाऐवजी येणाऱ्या शब्दास सर्वनाम म्हणतात, हे तुम्ही शिकलाच आहात. मराठीत मूळ सर्वनामे नऊ आहेत : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण आणि स्वतः. त्यांपैकी तो, हा व जो ही तीनच लिंगाप्रमाणे बदलतात. हा बदल अर्थ कळण्यास फार उपयोगी पडतो. 'केशवने सुमनला सांगितले, की तिचे औषध संपले आहे,' या वाक्यात संशयास जागा नाही. 'तिचे' म्हणताच सुमन डोळ्यांपुढे येते. परंतु आदरार्थी बहुवचन आले, की 'त्याचे' आणि 'तिचे' या दोहोंचेही 'त्यांचे' होते. लिंगाची खूण पुसली जाते आणि वाक्य संदिग्ध होते.

येथे 'आपले' हा शब्द घातला तर? 'आजोबांनी आपले औषध घेतले,' यात 'आपले' हा शब्द कर्त्याकडे, म्हणजे आजोबांकडे जातो. पण 'आजोबांनी आत्याबाईंना सांगितले, की आपले औषध संपले आहे,' असे लिहिले, तर 'आपले' म्हणजे स्वतःचे, की तुमचे, की आपणां सर्वांचे, हा प्रश्न उरतोच.

यावर दोन उपाय आहेत. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यावेत : आजोबा आत्याबाईंना म्हणाले, "माझे औषध संपले आहे." किंवा नाम पुन्हा लिहावे : 'आजोबांनी आत्याबाईंना सांगितले, की आत्याबाईंचे औषध संपले आहे.' अर्थ स्पष्ट होण्यासाठी केलेली पुनरुक्ती हा दोष नव्हे.

परीक्षेत वाक्य सुधारताना प्रत्येक सर्वनामापाशी थांबून 'कोण?' किंवा 'कोणाचे?' असे विचारावे. उत्तर एकच आले, तर सर्वनाम तसेच ठेवावे. दोन उत्तरे आली, तर मागचापुढचा संदर्भ पाहून वाक्य बदलावे.

लिहिणाऱ्यास आपल्या मनातील अर्थ ठाऊक असतो; म्हणून त्यास आपले वाक्य स्पष्टच भासते. वाचणाऱ्याजवळ मात्र केवळ शब्द असतात.

स्वाध्याय

पुढील वाक्यांपैकी एक वाक्य संदिग्ध नाही. ते ओळखा व त्याचे कारण सांगा. उरलेली वाक्ये दोन्ही अर्थांनी स्पष्ट करून लिहा.
१. मीनाने यमूला तिच्या वहीतील चित्र दाखविले.
२. लोटा बशीवर पडला आणि ती फुटली.
३. काकांनी मामांना विचारले, की त्यांची गाडी किती वाजता सुटते.