चीनमधील बंदी आणि पुण्यातला कन्सोल

चीनच्या सरकारने जून २००० मध्ये घरगुती व्हिडिओ गेम यंत्रांच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली, जानेवारी २०१४ मध्ये ती शांघायच्या मुक्त व्यापार क्षेत्रापुरती शिथिल केली आणि जुलै २०१५ मध्ये देशभरातून उठवली. या पंधरा वर्षांत चीनमध्ये खेळांचा प्रचंड बाजार उभा राहिला, परंतु तो संगणकावरच्या आणि पुढे मोबाइलवरच्या खेळांचा होता. बंदी शिथिल झाल्यानंतर तेथे गेलेल्या मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि निन्टेन्डो या तिन्ही परदेशी कंपन्यांना त्या बाजाराचा छोटासा कोपराच मिळाला. या अपयशाचे खापर बहुधा बंदीवर फोडले जाते. हे निदान पारखून पाहायचे, तर लोकसंख्येने चीनच्या तोडीचा आणि अशी बंदी कधीच नसलेला देश शेजारी ठेवून पाहावा लागतो. असा देश भारतच आहे, आणि भारतात पुण्याचे उदाहरण विशेष उपयोगी पडते, कारण कन्सोलवरचे खेळ तयार करणारे हात या शहरात मोठ्या संख्येने आहेत.

कन्सोल म्हणजे केवळ खेळांसाठी बनवलेला, दूरचित्रवाणी संचाला जोडायचा संगणक. सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा स्विच ही त्याची आजची प्रमुख नावे आहेत. या धंद्याचे गणित समजल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. कंपनी यंत्र जवळपास उत्पादनखर्चात, सुरुवातीच्या काळात अनेकदा तोटा सोसूनही विकते, आणि नंतर त्यावर खेळल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळाच्या किमतीतून आपला हिस्सा घेऊन कमाई करते. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तशातला हा प्रकार आहे. अर्थात यंत्र विकत घेणारा मनुष्य खेळही पैसे मोजून घेईल, एकदा नव्हे तर पुढली सहा-सात वर्षे घेत राहील, असे गृहीत धरल्याखेरीज हा व्यवहार उभाच राहत नाही. ज्या बाजारात खेळाच्या नकला रस्त्यावर मिळतात, किंवा खेळ फुकटच असतो अशी ग्राहकाची समजूत झालेली असते, तेथे यंत्र विकले गेले तरी कंपनीचे पोट भरत नाही.

चीनमध्ये नेमके हेच घडले होते, आणि तेही बंदीच्या आधीपासून. १९९० च्या दशकात तेथे निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या नकला कळफलक जोडून ‘अभ्यासाचे यंत्र’ म्हणून विकल्या जात. अशा एका यंत्राची जाहिरात अभिनेता जॅकी चॅन करीत असे. मुले त्यावर टंकलेखन कमी शिकली आणि मारिओ जास्त खेळली, हे सांगायला नको. मुलांच्या अभ्यासावर आणि मनावर होणाऱ्या परिणामांचे कारण पुढे करून बंदी आली, तेव्हा निन्टेन्डोने २००३ मध्ये एका स्थानिक भागीदारीतून ‘आयक्यू प्लेअर’ नावाची पळवाट काढून पाहिली. त्यात वेगळा खोका नव्हता. हातात धरायच्या नियंत्रकातच सगळे यंत्र बसवलेले होते, आणि खेळ दुकानात जाऊन मेमरी कार्डवर भरून घ्यायचे होते, म्हणजे कॅसेटची नक्कल करण्याचा प्रश्नच उरू नये. कल्पना हुशारीची होती, पण ती चालली नाही. त्या काळात चिनी तरुण नेट कॅफेत बसून संगणकावरचे सामुदायिक खेळ खेळू लागला होता. त्या खेळांच्या कंपन्यांनी खेळ फुकट देऊन आतल्या तलवारी, पोशाख आणि इतर वस्तूंचे पैसे घेण्याची पद्धत रूढ केली, आणि खेळ कंपनीच्याच सर्व्हरवर चालत असल्यामुळे नक्कल करणाऱ्यालाही त्यात फारसा वाव उरला नाही.

बंदी शिथिल झाल्यावर परिस्थिती कागदावर मोकळी झाली, पण परदेशी कंपनीला स्थानिक भागीदार घेणे आणि प्रत्येक खेळ सरकारी परीक्षणातून मंजूर करून घेणे भाग होते. सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस एक्सबॉक्स वन शांघायच्या बेस्टीव्ही या कंपनीच्या भागीदारीत ३,६९९ युआनला विक्रीस आला, तेव्हा त्याच्या सोबतीला अवघे दहा खेळ होते. मार्च २०१५ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ ची कथा फार वेगळी नव्हती. खेळांची हौस असलेला ग्राहक साहजिकच हाँगकाँग किंवा जपानमधून आडमार्गाने आलेले यंत्र घेई, कारण त्यावर सगळे खेळ चालत. निन्टेन्डोने डिसेंबर २०१९ मध्ये टेन्सेंट या बलाढ्य चिनी कंपनीचा हात धरून स्विच २,०९९ युआनला आणला. पुढे एप्रिल २०२० मध्ये ‘ॲनिमल क्रॉसिंग’ हा खेळ हाँगकाँगच्या आंदोलकांनी घोषणाबाजीसाठी वापरल्यावर चिनी संकेतस्थळांवरून तो रातोरात दिसेनासा झाला. विशेष म्हणजे तो तेथे अधिकृतपणे विकला जातच नव्हता, जे हटवले गेले ते आडमार्गाने आलेल्या प्रतींचे विक्रेते होते. चिनी स्विचचे ऑनलाइन दुकान २०२६ मध्ये बंद केले जाईल, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले.

आता भारताकडे वळावे. येथे कन्सोलला कोणी मनाई केली नाही. ते काम आयात शुल्काने केले. १९९० च्या दशकातल्या पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात ‘टीव्ही गेम’ होता, पण तो बहुतांशी तैवान-चीनकडून आलेल्या नकलांपैकी होता. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक बाजारांचा तो काळ होता. खेळाच्या काडतुसाला मुले ‘कॅसेट’ म्हणत, एका कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचा दावा केलेला असे आणि प्रत्यक्षात दहा-वीस खेळच नाव बदलून पुन्हापुन्हा येत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारून ती परत बसवायची, हा सार्वत्रिक उपाय होता, आणि सुट्टीत कॅसेटींची अदलाबदल ही त्या धंद्याची खरी वितरणव्यवस्था होती. या व्यवहारातला एकही रुपया जपानमधल्या मूळ निर्मात्यापर्यंत पोहोचत नसे. सेगा या जपानी कंपनीने १९९५ मध्ये शॉ वॉलेसशी करार करून सुमारे ८० टक्के आयात शुल्क टाळण्याचा मार्ग शोधला, तरीही तिचे मेगा ड्राइव्ह यंत्र १८ हजार रुपयांना पडत होते. त्या वेळी एवढ्या पैशांत चांगला रंगीत दूरचित्रवाणी संच येत असे. मुलाच्या खेळासाठी तेवढी रक्कम मोजणारे घर विरळाच.

पुढच्या दशकात सोनीने भारतीय बाजाराकडे जितके लक्ष दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नाही. प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ हे खेळ २००९ मध्ये हैदराबादेत तयार झाले, शाहरुख खानच्या चित्रपटांवरून ‘रा.वन’ आणि ‘डॉन २’ हे खेळही निघाले. हेतू स्तुत्य होता. खेळ मात्र सामान्य प्रतीचे होते, आणि ज्याला जगातले उत्तम खेळ चोरट्या डीव्हीडीवर मिळत होते त्याला केवळ देशीपणाच्या बळावर ते विकणे अवघड होते. ‘चिप बसवलेला’ प्लेस्टेशन २ हा तेव्हाचा रूढ शब्दप्रयोग होता. यंत्रात एक छोटी चिप डाखली की ते नकली डीव्हीडीही वाचू लागे, आणि पुढच्या पिढीच्या यंत्रांसाठी त्याच अर्थाने ‘जेलब्रेक’ हा शब्द दुकानदारांच्या तोंडी बसला. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणताना अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना जाहिरातीसाठी घेतले, तर सोनीचा प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. निन्टेन्डोची वी आणि डीएस ही यंत्रे २००८ मध्ये एचसीएलमार्फत दाखल झाली, परंतु निन्टेन्डो येथे टिकून राहिली नाही, आणि स्विच तर भारतात अधिकृतपणे कधी आलाच नाही. ज्या यंत्राला चीनमध्ये टेन्सेंटसारखा पाठीराखा मिळाला, ते पुण्याच्या दुकानात दिसते तेव्हा दुबई किंवा सिंगापूरकडून कोणाच्या तरी सामानातून आलेले असते.

किमतीचा प्रश्न मात्र आजही तसाच आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरचे मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. वस्तू व सेवा कराचा दर आधी २८ टक्के होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्क्यांवर आला. हे दोन्ही कर एकावर एक चढतात. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला आणि चीनमध्ये त्याच वर्षी मे महिन्यात ३,८९९ युआनला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४४ हजार रुपयांना. चीनचे दरडोई उत्पन्न भारताच्या पाचपटीहून अधिक असताना भारतीय ग्राहकाने चिनी ग्राहकापेक्षा जास्त पैसे मोजावेत, ही स्थिती बंदीपेक्षा सौम्य म्हणावी की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. एवढे होऊनही आगाऊ नोंदणीच्या दिवशी यंत्रे काही मिनिटांत संपली, यावरून हौशी ग्राहक आहे आणि तो पैसे मोजायला तयार आहे एवढे दिसते. पण अशा थोड्या हौशींवर कन्सोलचे गणित जमत नाही.

बाकीचा भारत तोवर मोबाइलकडे गेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटा इतका स्वस्त झाला की, ज्या घरात कधी संगणक आला नाही त्या घरातला मुलगा २०१८ नंतर थेट ‘पब्जी’ खेळू लागला. सप्टेंबर २०२० मध्ये चीनच्या सीमेवरच्या तणावानंतर सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली, २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा अडवला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. चीनमध्ये नेट कॅफेने जे काम केले, ते येथे हातातल्या फोनने केले. खेळ फुकट, पैसे फक्त आतल्या वस्तूंचे, ही सवय दोन्ही देशांत सारखीच रुजली, आणि ती एकदा रुजल्यावर चार-पाच हजार रुपयांची एक डिस्क विकत घेण्याची कल्पना ग्राहकाला विचित्र वाटू लागते. चीनमधली बंदी नसती तर तेथे कन्सोल फोफावला असता, या समजुतीला भारताचा अनुभव बळ देत नाही. फार तर बंदीने एक आधीच चाललेली गोष्ट लवकर उरकली, असे म्हणता येईल.

पुण्याची बाजू यात सर्वांत चमत्कारिक आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये येथे स्टुडिओ घेतला आणि ‘जस्ट डान्स’ या जगभर खपणाऱ्या नृत्यखेळाच्या कामात त्याचा मोठा वाटा राहिला. २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या एका गाजलेल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती करण्याची जबाबदारी पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे आली, परंतु पहिल्या झलकीवर टीका झाली, प्रकाशन लांबले आणि २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रिऑलला हलवण्यात आले. ज्या शहरात असे खेळ बनवणारे कुशल लोक आहेत, तेथे असे खेळ लहानपणापासून खेळलेल्यांची संख्या मात्र कमी आहे, आणि हा दुवा तुटलेला असल्याचा परिणाम कुठे ना कुठे दिसणारच. ब्रिटनच्या सुमो डिजिटलचाही स्टुडिओ पुण्यात आहे. सुमो समूह २०२२ च्या जानेवारीत टेन्सेंटच्या मालकीचा झाला, म्हणजे चीनमध्ये स्विच विकणारी कंपनी पुण्यातल्या एका कार्यालयाचीही अंतिम मालक ठरली.

याच शहरातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ घडवला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी ही मुलगी, तिची कथा आपापसात सांगणारे दुर्गा आणि विष्णू, पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारी रंगसंगती, असे त्याचे रूप आहे. लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा २०१७ चा प्रयत्न फसला होता. तरीही काम तडीस गेले, आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये २०२० च्या सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम निन्टेन्डो स्विचवर प्रकाशित झाला आणि संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर ऑक्टोबरमध्ये आला. पुण्यात तयार झालेला, भारतीय पुराणकथांवर उभा राहिलेला खेळ पहिले दोन महिने अशा यंत्रापुरता मर्यादित होता, जे पुण्यात रीतसर पावती घेऊन विकत मिळतच नव्हते.

देशी खेळ कन्सोलला बाजार मिळवून देऊ शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर चीनने अलीकडे दिले आहे. हांगझोऊच्या गेम सायन्स या कंपनीचा, वानरराजाच्या कथेवर आधारलेला ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि संगणक व प्लेस्टेशन ५ मिळून त्याच्या एक कोटी प्रती तीन दिवसांत खपल्या, त्या काळात चीनमध्ये प्लेस्टेशनची मागणीही वाढली. फरक एवढाच की या खेळामागे मोठा पैसा, अनेक वर्षांची मेहनत आणि कसलेले हात होते. ‘हनुमान: बॉय वॉरियर’च्या वाट्याला यातले काहीच आले नव्हते. सोनीने चीनमधल्या निर्मात्यांना साहाय्य करणारा उपक्रम २०१६ मध्ये सुरू केला आणि त्याच धर्तीवर भारतासाठीचा उपक्रम २०२३ मध्ये जाहीर केला.

मायक्रोसॉफ्टचा डाव निराळा आहे. यंत्र विकण्याचा आग्रह सोडून खेळ दूरच्या सर्व्हरवर चालवायचा आणि फक्त त्याचे चित्र ग्राहकाच्या फोनवर किंवा दूरचित्रवाणीवर पाठवायचे, ही क्लाउड गेमिंगची सेवा तिने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू केली. सीमाशुल्काचा अडथळा त्यात येत नाही, मासिक वर्गणी पुरते. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ कमी ठेवण्यासाठी सर्व्हर जवळ असावा लागतो. कंपनीने २०१५ मध्ये भारतात सुरू केलेल्या माहितीकेंद्रांपैकी एक पुण्यातच आहे, त्यामुळे अंतराची अडचण या शहरापुरती तरी मोठी नसावी. आता पाहायचे आहे ते इतकेच, की फुकट खेळायला सरावलेला आणि डेटाचे पैसे आधीच भरत असलेला ग्राहक दरमहा आणखी काही शे रुपये खेळासाठी वेगळे काढतो की नाही.