खेळांची मराठी आवृत्ती आणि लोकवर्गणी : काही गैरसमज

परभाषेतील कलाकृतीला मराठी वेष चढवून ती आपल्या प्रेक्षकांपुढे उभी करण्याचा व्यवहार सांगलीकरांना नवा नाही. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ 1890 साली केला, तेव्हा त्या उद्योगाला नाटक मंडळीची तिजोरी आणि तिकीट काढणारा प्रेक्षक असे दोन आधार होते. आज मोबाइलवर आणि संगणकावर खेळावयाचे खेळ काढणारा एखादा छोटा प्रकाशक मराठी आवृत्तीचा विचार करतो, तेव्हा या दोहोंपैकी एकही आधार त्याच्यापाशी नसतो, आणि म्हणून लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करण्याची तजवीज त्याला सुचते. तजवीज वाईट नाही. परंतु तिच्याभोवती जमलेले समज मात्र बहुतांशी चुकीचे आहेत.

पहिला समज असा की, लोकवर्गणी म्हणजे देणगी, आणि देणगी देण्यात आपला मुलूख कधी मागे राहिला नाही. दाखला अर्थातच साताऱ्याचा दिला जातो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि पुढे वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी ‘मुष्टिफंड’ उभा केला, त्यात घरोघरच्या बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य बाजूला काढून टाकले, हे सर्व खरे. पण त्या मुठीच्या मोबदल्यात देणारीला स्वतःसाठी काहीच नको होते. खेळाच्या मराठी आवृत्तीसाठी तीनशे रुपये देणाऱ्याला ती आवृत्ती हवी असते, तीही ठरल्या मुदतीत. हा दानधर्म नव्हे, मिरजेच्या सतारमेकराकडे आपल्या मापाची सतार सांगून गिऱ्हाइकाने ठेवलेल्या विसारासारखा व्यवहार आहे. विसार घेणारा कारागीर ‘कलेला मदत करा’ असे म्हणत नाही. तो सतार देतो. ज्या प्रकाशकाच्या आवाहनात भाषाप्रेमाचा उल्लेख वारंवार आणि सुपूर्द करावयाच्या वस्तूचा क्वचित येतो, त्याच्याविषयी मला तरी शंका वाटते.

दुसरा समज याच्याही पुढचा आहे: विषय आपल्या मातीतला असला, निर्मिती देखणी असली, की पैसा आपोआप येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ या भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या खेळासाठी 2017 साली किकस्टार्टर या लोकवर्गणी जमविण्याच्या मंचावर मोहीम काढली होती. चित्रे मोहक होती, गवगवाही झाला. तरी उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि तेथील नियम ‘पूर्ण रक्कम, नाही तर शून्य’ असा असल्यामुळे पदरात काहीच पडले नाही. खेळ अन्य मार्गांनी पुरा होऊन 2020 मध्ये बाहेर पडला, आणि हिंदी संवादांचे ध्वनिमुद्रण आले ते 2022 च्या सुधारित आवृत्तीत. आधी खेळ, मग त्याचे नाव, मग भाषा, असा हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

याच्या उलट बाजूस ‘क्लॅनड’ या जपानी खेळाचे उदाहरण पाहावे. त्याच्या अधिकृत इंग्रजी आवृत्तीसाठी सेकाई प्रोजेक्ट या प्रकाशकाने 2014 च्या अखेरीस 1,40,000 डॉलर मागितले आणि 5,40,000 हून अधिक मिळविले. परंतु तो खेळ तेव्हा दहा वर्षे जुना होता, त्यावरची ॲनिमे मालिका जगभर पाहिली गेली होती, आणि हौशी लोकांनी केलेले भाषांतरही फिरत होते. म्हणजे वर्गणीने चाहते निर्माण केले नाहीत, असलेल्या चाहत्यांची शिरगणती केली. सांगलीच्या विष्णुदास भावे यांची हकिकतही हेच सांगते. 1843 साली त्यांचे ‘सीता स्वयंवर’ हे नाटक झाले ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. 1851 साली ते निवर्तल्यावर दरबाराचा आधार सुटला, आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले व 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करू लागले. लोकांपुढे जाताना त्यांच्यापाशी दाखविण्यासारखे तयार नाटक होते, केवळ संकल्प नव्हता.

तिसरा समज भाषांतराच्या खर्चाविषयीचा, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. कारण ‘चार पाने संवाद, एक भाषांतरकार, एक महिना’ असा अंदाज बांधून मागितलेली रक्कम पुढे कधीच पुरत नाही. ‘किल्ला’ हा साधा शब्द घ्या. संगणकाच्या दप्तरी ‘क’ आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर नोंदलेली असते, पण डोळ्यांना ती ‘क’च्या आधी दिसावी लागते, देवनागरीची ही रचना ज्या खेळयंत्रणेला अवगत नाही ती वेलांटी ‘क’च्या नंतर टाकते, ‘ल्ल’ची जोडणी मोडून मध्ये हलन्त उघडा पाडते, आणि भाषांतरकाराच्या कागदावर निर्दोष असलेला मजकूर पडद्यावर विद्रूप होतो. त्यात खेळाडू स्त्री की पुरुष यावर ‘पोहोचलास’ आणि ‘पोहोचलीस’ अशी क्रियापदे बदलत असल्याने कित्येक वाक्ये दोनदा लिहावी लागतात. अक्षरे नीट दाखविण्याचे आणि योग्य ते वाक्य निवडण्याचे काम भाषांतरकाराचे नव्हे, प्रोग्रामरचे. आणि त्याचा मेहनताना अंदाजपत्रकात बहुधा नसतोच.

जमलेली रक्कम संपूर्ण आपली, हाही एक भ्रम. किकस्टार्टर 5 टक्के स्वतःकडे ठेवते व देयक-वसुलीचा खर्च निराळा. शिवाय भारतातील निर्मात्यांना, परदेशी साथीदाराशिवाय, त्या मंचावर स्वतःच्या नावे मोहीम काढता येत नाही, तेव्हा कराडच्या एखाद्या प्रकाशकाला स्वतःच पूर्वनोंदणी चालवावी लागेल. टी-शर्ट, छापील चित्रसंग्रह, पेट्या असली आमिषे दाखविली की टपालखर्च आणि विलंब दोन्ही वाढतात. ‘मुव्ह-लव्ह’ या जपानी खेळाला 2015 साली अडीच लाख डॉलरच्या मागणीवर बारा लाखांहून अधिक मिळाले, तरी अशा वस्तू वर्गणीदारांच्या हाती पडायला वर्षे लागली.

राहिला कायदा. वर्गणीदाराला ‘भागीदार’ म्हणण्याचा मोह टाळावा. खाजगी कंपनीला एका आर्थिक वर्षात 200 हून अधिक सामान्य गुंतवणूकदारांपुढे भागांचा प्रस्ताव ठेवता येत नाही. आगाऊ घेतलेली किंमत ही ठेव नव्हे, हे म्हणणेही कंपनीच्या बाबतीत मर्यादितच खरे आहे: माल अथवा सेवा देऊन ती रक्कम 365 दिवसांत हिशेबात वळती झाली नाही, तर ती ठेवींच्या नियमांखाली येऊ शकते.

तेव्हा माझे मत असे की, खेळ पुरा झालेला असेल, त्याला आधीपासून खेळाडू असतील आणि मागणी केवळ लिखित मजकुराच्या मराठीकरणापुरती असेल, तर छोट्या प्रकाशकाने पूर्वनोंदणी अवश्य करावी. ध्वनिमुद्रणासाठी किंवा अर्धवट खेळासाठी करू नये. आणि सांगली-साताऱ्याच्या वाचकांना एक विनंती: असे आवाहन आपल्यापर्यंत आले, तर पैसे देण्यापूर्वी त्या खेळातील अर्ध्या तासाचा भाग मराठीत खेळून पाहावयास मागावा, आणि तो मिळाला तरच नाव नोंदवावे.