सहा पौंडी तोफ आधी आली असती तर?



'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं', असं आपल्याकडे म्हणतात. जर-तरचा इतिहास सांगायला बसलं की ही म्हण कुणीतरी ऐकवतंच. माझं म्हणणं असं, की जर-तर जरूर करावं, पण हिशेबानं करावं. एक गोष्ट बदलली तर तिची किंमतही खात्यावर मांडावी. आज दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश तोफांचा एक प्रश्न घेऊन असा हिशेब करून पाहू.

युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांची रणगाडाविरोधी तोफ होती दोन पौंडी. नाव गोळ्याच्या वजनावरून पडलेलं. गोळा साधारण दोन पौंडांचा, म्हणजे जेमतेम एक किलोचा, आणि नळीचं तोंड ४० मिलिमीटरचं. १९४० पर्यंत ती चांगली तोफ होती. पण रणगाड्यांचं चिलखत जाड होत जाणार हे जाणकारांना आधीच दिसत होतं. म्हणून १९३८ मध्येच वुलिचच्या शस्त्रागारात ५७ मिलिमीटरच्या सहा पौंडी तोफेचं काम सुरू झालं. १९४० पर्यंत तोफेचा आराखडा तयार होता. प्रत्यक्षात तिचं उत्पादन सुरू झालं नोव्हेंबर १९४१ मध्ये, आणि रणांगणावर ती आली १९४२ च्या मे महिन्यात.

मधली दीड-दोन वर्षं गेली कुठे? उत्तर आहे डंकर्क.

मे-जून १९४० मध्ये तीन लाखांहून जास्त सैनिक डंकर्कहून बोटींनी सुटून आले, पण जड सामान फ्रान्समध्येच राहिलं. त्यात आठशेहून जास्त रणगाडाविरोधी तोफा होत्या. समोर खाडी, पलीकडे जर्मन सैन्य, आणि आक्रमण कधीही होईल अशी धास्ती. अशा वेळी कारखान्यांनी नव्या तोफेकडे वळायचं, तर यंत्रं बदला, कामगारांना नव्यानं शिकवा, सैनिकांनाही शिकवा. अंदाज असा होता, की १०० सहा पौंडी तोफा करायच्या तर ६०० दोन पौंडी तोफांवर पाणी सोडावं लागेल. निर्णय झाला, की जुनीच तोफ चालू ठेवायची. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नाही.

पुष्कळ लोक हा निर्णय मूर्खपणाचा ठरवतात. मला तसं वाटत नाही. त्या जूनमध्ये मी त्या टेबलावर असतो, तर मीही सहाशे तोफांच्याच बाजूनं हात वर केला असता. जर्मन उतरलेच असते, तर किनाऱ्यावर कागदावरची उत्तम तोफ काय कामाची?

पण हिशेब इथे संपत नाही. १९४०-४१ च्या हिवाळ्यात आक्रमणाचा धोका ओसरला. खरा 'जर' तिथे आहे. तेव्हाच नव्या तोफेला अग्रक्रम दिला असता तर? एक अडचण तरीही होती. तोफ तयार असली तरी तिच्या गाड्याचा आराखडा १९४१ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे फार ओढाताण करूनही सहा-आठ महिने वाचले असते, असा माझा अंदाज. मग केप ऑफ गुड होपला वळसा घालून इजिप्तपर्यंतचा प्रवास. नोव्हेंबर १९४१ च्या 'क्रुसेडर' मोहिमेपर्यंत थोड्याशा तोफा पोचल्या असत्या.

त्यानं काय बदललं असतं? इथे लोकांचं लक्ष फक्त चिलखत किती फुटलं याकडे जातं. जर्मनांनी रणगाड्यांच्या पुढच्या भागावर जादा पोलादी पत्रे बसवले होते. दोन पौंडी तोफेला ते फोडायला फार जवळ यावं लागे, हे खरंच. पण मोठं नुकसान दुसरीकडे होत होतं. ही उणीव भरून काढायला २५ पौंडी तोफा पुढे आणून रणगाड्यांवर रोखल्या जात. या तोफेचं खरं काम मागे राहून, अनेक तोफांनी एकत्र, दूरवर मारा करण्याचं. ती अशी विखुरली गेली, की पायदळाच्या डोक्यावरचं छत्रच जाई.

आता आपल्या माणसांकडे येतो. २७ मे १९४२ ला लिबियात बिर हकीमजवळ तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडवर इटलीच्या 'आरिएते' डिव्हिजनचे रणगाडे चालून आले. आपल्या गोलंदाजांनी २५ पौंडी तोफांनी त्यांना तोंड दिलं. मोर्चा तासाभरात कोसळला. अनेक मारले गेले, शेकडो कैद झाले. कैद झालेल्यांत तोफखान्याचे एक अधिकारी होते पी. पी. कुमारमंगलम. त्या लढतीबद्दल त्यांना डीएसओ मिळालं. पुढे १९६६ मध्ये ते भारताचे लष्करप्रमुख झाले.

सहा पौंडी तोफा असत्या तर ही ब्रिगेड वाचली असती का? हो म्हणायचा मोह होतो. पण इटालियन रणगाड्यांचं चिलखत दोन पौंडी तोफही जवळून फोडू शकत होती. मोर्चा अजून नीट बांधून झाला नव्हता आणि हल्ला मोठा होता. एका नव्या तोफेच्या नावावर त्या माणसांचे प्राण जमा करणं मला खोटं वाटतं.

मात्र तोफ पुरेशी मिळाल्यावर काय झालं, ते आपल्यासमोर आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामीनला 'स्नाइप' नावाच्या ठाण्यावर १९ सहा पौंडी तोफांनी एका दिवसात तीसहून जास्त रणगाडे निकामी केले. आणि त्याच लढाईत २५ पौंडी तोफा आपल्या मूळ कामावर परतल्या होत्या. शेकडो तोफांचा एकवटलेला मारा हे त्या विजयाचं मोठं कारण होतं.

म्हणून माझा हिशेब असा: जून १९४० चा निर्णय बरोबर होता, पण धोका टळल्यावर तो पुन्हा तपासायला उशीर झाला. नवी तोफ आधी आली असती म्हणून रोमेल १९४१ मध्येच संपला नसता. पण तोफखाना काही महिने आधी एकवटला असता, आणि वाळवंटात काही माणसं कमी मेली असती. त्यांत काही आपलीही असती.

तुमचा हिशेब वेगळा निघत असेल तर जरूर मांडा. फक्त काय मिळालं असतं ते सांगताना काय सोडावं लागलं असतं, तेही सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.