वकिलातीपासून वाफ्यापर्यंत

दोन राष्ट्रांची मैत्री वकिलातीवर फडकणाऱ्या ध्वजावरून मोजण्याचा प्रघात आहे. भारत आणि इस्रायल यांच्या संबंधांना मात्र ते माप पुरत नाही. पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध १९४७ साली मत देणाऱ्या भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली. परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जुळावयास १९९२ साल उजाडावे लागले. तोवर मुंबईतील वाणिज्य दूतावासावरच भागविले गेले. अरब राष्ट्रांशी असलेला स्नेह, तेलाची गरज आणि पॅलेस्टिनी जनतेविषयीची सहानुभूती ही त्यामागील कारणे होती. त्यांपैकी एकही क्षुल्लक नव्हते. या अबोल्याच्या काळातही कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्रायलांनी मराठी टाकली नाही.

वकिलाती उघडल्यानंतर शेतीविषयक सहकार्याचे करार झाले आणि त्यांचे फळ राहुरीपर्यंत पोहोचले. तेथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात डाळिंबासाठी भारत-इस्रायल गुणवत्ता केंद्र उभे राहिले. राहुरी या व्यवहारात केवळ याचक नव्हती. डाळिंबाचा 'भगवा' हा लोकप्रिय वाण याच विद्यापीठाने दिलेला आहे. वाण आपला आणि ठिबकाचे तंत्र त्यांचे, असा हा बरोबरीचा सौदा होय.

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो. इस्रायलची शेती केवळ ठिबकाच्या नळीने फुलली काय? त्या देशाने १९५९ साली कायदा करून पाण्याचा प्रत्येक स्रोत सार्वजनिक मालकीचा ठरविला आणि शेतकऱ्याला पाणी मोजून दिले. नळी त्या शिस्तीच्या पोटी आली. आपण नळी आणली, शिस्त मात्र सीमेपलीकडेच राहिली. महाराष्ट्रानेही २००५ साली जलसंपत्ती नियमनाचा कायदा केला. तथापि ज्याची विहीर त्याचे पाणी, ही समजूत त्याने ढळलेली नाही. मुळा धरण ज्या राहुरी तालुक्यात आहे, तेथेही उसाला पाटाचे पाणी मोकळे सोडण्याची सवय पुरती सुटलेली नाही.

राजदूत करारावर सही करू शकतो, तज्ज्ञ पाठवू शकतो. गावातील पाण्याची वाटणी तो करू शकत नाही. ते काम आपले आहे. बेचाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर उघडलेल्या दारातून केवळ यंत्रे आत घ्यावयाची, की त्यांमागील विचारही, याचा निर्णय दिल्लीत व्हावयाचा नाही. तो वाफ्यावरच व्हावयास हवा.