लातूरचे पाणी : रेल्वेने आलेले आणि लोकांनी साठविलेले

दिनांक १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरच्या रेल्वेस्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. तिच्या दहा टाक्यांमध्ये धान्य, सिमेंट किंवा तेल नव्हते. पिण्याचे पाणी होते. राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत या टाक्या आतून स्वच्छ करण्यात आल्या, मिरज येथे कृष्णेच्या पाण्याने त्या भरण्यात आल्या आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून त्या लातूरला पोहोचल्या. ‘जलदूत’ या नावाने ही गाडी पुढे देशभर ओळखली गेली. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. काही दिवसांतच पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली आणि एका खेपेतून सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

शासन, रेल्वे आणि स्थानिक प्रशासन यांनी अल्पावधीत पार पाडलेली ही कामगिरी मोठी होती, यात शंका नाही. परंतु त्याच एप्रिल महिन्यात, शहरापासून थोड्या अंतरावर, मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात आणखी एक काम सुरू झाले होते. ते नागरिकांनी स्वतः वर्गणी काढून हाती घेतले होते. रेल्वेच्या पाण्याची जेवढी चर्चा झाली, तेवढी या कामाची झाली नाही. मध्यम आकाराच्या शहरांनी आपल्या अडचणींना कसे सामोरे जावे, या दृष्टीने मात्र हे दुसरे कामही अभ्यासण्यासारखे आहे.

शहर आणि त्याची नदी

लातूर हे बालाघाटच्या पठारावर वसलेले शहर. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार होती आणि त्याच वर्षी तेथे महानगरपालिका स्थापन झाली. डाळी, तेलबिया आणि सोयाबीन यांची मोठी बाजारपेठ म्हणून हे शहर प्रसिद्ध आहे. ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावचे हजारो विद्यार्थी येथे शिक्षणासाठी येऊन राहतात. साहजिकच पाण्याची गरज कायम रहिवाशांपुरती मर्यादित राहत नाही.

ही गरज मुख्यतः मांजरा नदी भागविते. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पुढे गोदावरीस मिळते. केज तालुक्यातील धनेगाव येथे तिच्यावर धरण बांधण्यात आले असून त्याचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर आहे. धरण भरले की शहर निश्चिंत असते. ते भरले नाही की दुसरा मोठा आधार जवळपास नसतो. जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत जेवढे पाणी मुरते तेवढेच विहिरींना मिळते. शेकडो फूट खोल गेलेल्या कूपनलिका याच कारणाने अनेकदा कोरड्या लागतात.

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने ओढ दिली. धरणातील उपयुक्त साठा संपला, नळ बंद झाले आणि सारे शहर टँकरवर आले. घागरी, डबे आणि पिंपे यांच्या रांगा रात्रंदिवस लागू लागल्या. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांच्या व टँकर भरण्याच्या ठिकाणांच्या परिसरात जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला. पाण्यासाठी पाच माणसांनी एकत्र जमू नये, असे सांगण्याची वेळ प्रशासनावर यावी, यावरून परिस्थितीच्या गांभीर्याची कल्पना येते.

वर्गणीतून उभे राहिलेले काम

अशा वेळी शहरातील डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक, वकील, उद्योजक आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते एकत्र आले. ‘जलयुक्त लातूर’ या नावाने लोकचळवळ उभी राहिली. विवेकानंद रुग्णालयाच्या उभारणीत अग्रभागी असलेले ज्येष्ठ शल्यचिकित्सक डॉ. अशोकराव कुकडे यांच्यासारख्यांचा तीत पुढाकार होता. साई ते नागझरी या बंधाऱ्यांच्या दरम्यान मांजरा नदीचे सुमारे १८ किलोमीटर लांबीचे पात्र गाळमुक्त करून रुंद व खोल करावे, असे ठरले. हे काम पावसाळ्यापूर्वी, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत उरकावयाचे होते.

यंत्रे, डिझेल आणि चालक यांचा खर्च मोठा होता. त्यासाठी नागरिकांनी, व्यावसायिकांच्या संघटनांनी आणि संस्थांनी देणग्या दिल्या आणि पाहता पाहता कोट्यवधी रुपयांचा निधी जमा झाला. ज्या शहरात पाण्याच्या एका घागरीवरून भांडणे होत होती, त्याच शहरात लोक नदीसाठी पैसे देऊ लागले, ही गोष्ट लक्षणीय आहे. देणारा एका प्रश्नाचे उत्तर मागतो : आपला पैसा कोठे गेला? येथे त्याचे उत्तर कोणालाही नदीवर जाऊन प्रत्यक्ष पाहता येत होते. खोदलेले पात्र डोळ्यांसमोर होते आणि काम करवून घेणारी माणसे शहराच्या रोजच्या परिचयातील होती.

वर्गणीच्या कामाचे खरे भांडवल विश्वास हे असते आणि तो एका उन्हाळ्यात निर्माण होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर या जिल्ह्याने मदतकार्य आणि पुनर्वसन यांचा दीर्घ अनुभव घेतलेला होता. शासकीय यंत्रणा, स्वयंसेवी संस्था आणि गावकरी यांनी एकत्र बसून काम करण्याची रीत येथे अपरिचित नव्हती.

हिशेब काय सांगतो?

या कामाचे मोल समजून घेण्यासाठी थोडी आकडेमोड करणे उपयुक्त ठरेल. पन्नास टाक्यांच्या रेल्वेगाडीतून २५ लाख लिटर पाणी येत असे. २०११ च्या लोकसंख्येने त्यास भागले, तर माणशी साडेसहा लिटर येतात. प्राण वाचविण्यास ते पुरेसे आहे. संसार चालविण्यास नाही.

आता नदीचा विचार करावा. उदाहरणादाखल पात्राची रुंदी ८० मीटर धरली आणि त्यात एक मीटर उंचीचे जादा पाणी साठले असे मानले, तर एक किलोमीटर लांबीत ८० हजार घनमीटर, म्हणजेच ८ कोटी लिटर पाणी मावते. हे पाणी पन्नास टाक्यांच्या ३२ गाड्यांइतके होते. शिवाय ते साडेतीनशे किलोमीटरवरून आणावे लागत नाही आणि त्यातील काही भाग काठच्या विहिरींनाही मिळतो.

तथापि हिशेब येथेच थांबविला तर तो अर्धवट राहील. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. त्यानुसार लातूरला दररोज सुमारे ५ कोटी १३ लाख लिटर पाणी लागेल. १८ किलोमीटरच्या संपूर्ण पात्रात एक मीटर जादा पाणी साठले, तरी ते १४४ कोटी लिटर, म्हणजे शहराच्या सुमारे २८ दिवसांच्या गरजेइतके होईल. बाष्पीभवनाने घटणारे पाणी त्यातून आणखी वजा करावे लागेल. धनेगावच्या धरणाच्या उपयुक्त साठ्याशी तुलना केली, तर हा साठा त्याच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरतो.

उसाचाही विचार अटळ आहे. एका हंगामात उसाला पावसासह सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरला २ कोटी लिटर पाणी हवे. म्हणजे नागरिकांनी वर्गणी काढून निर्माण केलेली जागा, वरील हिशेबाने, केवळ ७२ हेक्टर उसाच्या एका हंगामाइतकी आहे. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी हे सांगितलेले नाही. उसाला खात्रीचा भाव आणि कारखान्याचा आधार मिळतो, म्हणून तो ऊस लावतो. परंतु ठिबक सिंचन आणि पिकांची निवड हा नदीकाठच्या गावांचा विषय शहराच्या नळापर्यंत येऊन पोहोचतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

गाळ काढण्याची मर्यादा

नदी खोल केली की पाणी वाढते, ही समजूत सरसकट खरी नाही. साचलेला गाळ काढणे वेगळे आणि नदीचा मूळ तळ फोडणे वेगळे. वाळूचा थर पाणी गाळतो व मुरवितो. तो उपसून नेल्यास नदीचेच नुकसान होते. काठाचा उतार न राखता खोदल्यास पहिल्याच पुरात माती ढासळून पात्र पुन्हा भरते. म्हणूनच अशा कामात उत्साहाबरोबर भूजल आणि जलसंपदा क्षेत्रांतील तंत्रज्ञांचा सल्ला आवश्यक असतो. कोठे खोदावे यापेक्षा कोठे थांबावे, हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे.

काढलेल्या गाळाचे काय करावे, याचाही विचार आधीच व्हावयास हवा. मुरमाड, हलक्या जमिनीवर हा गाळ पसरल्यास तिचा कस सुधारतो. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागे हेच सूत्र आहे. मात्र तोच गाळ नदीच्या काठावर ढिगाने पडून राहिला, तर पुढील पावसाळ्यात तो पुन्हा पात्रात येतो आणि केलेला खर्च वाहून जातो.

पाऊस आला, प्रश्न राहिला

२०१६ चा पावसाळा चांगला झाला. सप्टेंबरच्या अखेरच्या पावसाने मांजरा धरणात भरपूर पाणी आले आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु २०१९ मध्ये पावसाने पुन्हा ओढ दिली, धरण पुन्हा मृतसाठ्यावर आले आणि लातूरकरांना नळाच्या पाण्यासाठी पुन्हा दिवस मोजावे लागले. तीन वर्षांपूर्वीचे लोकांचे काम व्यर्थ गेले, असा याचा अर्थ नव्हे. धरणात पाणीच आले नाही, तर मोठे भांडेही रिकामेच राहते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

यातून जो धडा मिळतो तो असा : नागरिकांचे काम शासकीय व्यवस्थेला पूरक ठरू शकते, पर्याय ठरू शकत नाही. जलवाहिन्यांची गळती शोधणे, पाणी मोजून देणे, पाणीपट्टी वसूल करणे आणि टंचाईच्या वर्षात पिण्याचे पाणी वेळेवर राखून ठेवणे ही कामे वर्गणीने होत नाहीत. ती महानगरपालिकेने आणि प्रशासनाने वर्षभर करावयाची आहेत. उलट, घरोघरी पाणी जपून वापरण्याची सवय शासकीय आदेशाने लागत नाही. ती समाजातच रुजावी लागते.

घराच्या छपरावरील पाण्याचे उदाहरण घेता येईल. १०० चौरस मीटर छपरावर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील आठ आणे दहा आण्यांइतकेच पाणी हाती लागले, तरी ३५ ते ४४ हजार लिटर पाणी कूपनलिकेजवळ मुरविता येते. शाळेच्या मोठ्या इमारतीचा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतल्यास भूगोल आणि गणित या दोन्ही विषयांचा तो उत्तम पाठ होईल.

रोजचे काम

संकट सरले की चळवळी विरतात, असा सर्वत्र अनुभव आहे. लातुरात त्याला अपवाद ठरेल असा एक उपक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. जिल्ह्याचे वनक्षेत्र एक टक्क्यापेक्षाही कमी आहे, हे ध्यानी घेऊन ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ या नावाने काही नागरिक एकत्र आले आणि त्यांनी झाडे लावण्याचे व जगविण्याचे काम रोजच्या दिनक्रमात बसविले. कामधंदा सांभाळून खड्डे खोदणे, टँकरने पाणी घालणे आणि आळी करणे असे त्याचे स्वरूप आहे. झाड लावण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो. त्याला पाणी घालण्याचे काम मात्र दररोजचे असते.

पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांना लातूरच्या अनुभवातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. काम मोजता येईल एवढे निश्चित असावे. जमाखर्च सर्वांसमोर मांडावा. तंत्रज्ञांना आरंभीच बोलवावे, शेवटी नव्हे. नदीच्या वरच्या आणि खालच्या गावांनी, तसेच शहराने, पाणी भरपूर असतानाच एकत्र बसून वाटपाचे ठरवावे. कारण टंचाईत झालेला करार हा बहुधा भांडणातून झालेला असतो. आणि पहिला पाऊस पडला म्हणून बैठकीचे रजिस्टर मिटू नये.

मिरजेहून आलेल्या पाण्याने लातूरला एका कठीण उन्हाळ्यातून तारून नेले. त्या पाण्याचे ऋण शहर विसरणार नाही. परंतु पुन्हा तशी गाडी बोलवावी लागू नये, यासाठी जे करावयाचे आहे ते पावसाळ्यातच करावयाचे आहे. दुष्काळाची तयारी सुकाळात होते, हे सूत्र एका शहराने मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे. इतरांनी ते विनामूल्य शिकावे, यातच शहाणपण आहे.